घरात चार्जर, घरातच कापूस

(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



विषय ऐकून मागे बसलेले काही जण हसले, ते मी पाहिले. कापसाच्या भावाचे बोलायचे सोडून हा माणूस विजेच्या गाडीचे चार्जर घरी कसे बसवायचे ते सांगणार! हसा. पण आधी हा प्लग हातात घ्या आणि एकेकाने मागे पाठवा. एका बाजूने काळा पडलेला, पितळेची एक पिन वितळलेल्या प्लॅस्टिकमध्ये रुतून बसलेली. हा माझ्या घरचा आहे. हा ज्या भिंतीत होता, त्या भिंतीच्या पलीकडे त्या दिवशी अकरा क्विंटल कापूस रचलेला होता.

झाले असे. दौऱ्यांसाठी आम्ही तिघांनी मिळून विजेवर चालणारी एक जुनी मोटार घेतली. रोज ऐंशी-नव्वद किलोमीटर फिरणे, पेट्रोल शंभरीच्या पुढे गेलेले; हिशेब सरळ होता. विकणाऱ्याला विचारले, घरी काय काय करावे लागेल? तो म्हणाला, "काही नाही भाऊ, पंधरा अँपियरच्या बोर्डात लावा, मोबाईलसारखं आहे." मी शेतीचा पदवीधर, चार लोकांना शहाणपण सांगत फिरणारा. मीही लावली. ज्या बोर्डावर पूर्वी पाण्याची छोटी मोटर चालायची त्यावर. तीन आठवडे काही झाले नाही. चौथ्या आठवड्यात रात्री अडीच वाजता घरच्यांनी उठवले, म्हणाल्या, काहीतरी जळाल्याचा वास येतो आहे. जाऊन मेन स्विच पाडला. बोर्डाला हात लावला तर चटका बसला. आणखी तासभर झोपलो असतो तर आज हे भाषण दुसऱ्या कोणालातरी करावे लागले असते.

गेल्या वर्षभरात ज्या घरांत मी मुक्काम केला, त्यांतल्या कितीतरी घरांत मला हेच दिसते. ओसरीत विजेची स्कूटर उभी. बाजूच्या खोलीत भाव येईल म्हणून ठेवलेला कापूस आढ्यापर्यंत. स्कूटरची वायर खिडकीतून आत, आणि ज्या बोर्डात ती लावली आहे तो बोर्ड कापसाला टेकलेला. काही ठिकाणी गोठ्यात, कडब्याच्या गंजीखाली. शहरातल्या माणसाच्या चार्जरने दगा दिला तर भिंत काळी होते. आपल्याकडे वर्षाची कमाई जाते, बैल जातात, माणसे जातात. म्हणून हा विषय मी पत्रिकेवर घालून घेतला.

तो प्लग का जळाला, ते आधी समजून घेऊ. माझ्या मोटारीचा चार्जर 3.3 किलोवॉटचा. आपल्याला किलोवॉट कळत नाही, हॉर्सपॉवर कळतो. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॉट. म्हणजे हा चार्जर झाला साधारण साडेचार हॉर्सपॉवरचा. आता मला सांगा, पाच हॉर्सपॉवरची मोटर कोणी घरातल्या दिव्याच्या बोर्डावर लावेल का? तिला स्टार्टर लागतो, जाड केबल लागते, तीन फेज लागतात. तीन फेजमध्ये भार तीन तारांत वाटला जातो. इथे सगळा भार एकाच फेजवर, एका तारेतून, आणि तोही रात्री सात-आठ तास न थांबता. इस्त्री, गिझर हेसुद्धा जास्त वीज खातात, पण ते दहा-वीस मिनिटांत बंद होतात. तारेला निवायला वेळ मिळतो. गाडी तो वेळ देत नाही.

आणि जळते ती तार नाही, जळतो तो जोड. जुन्या बोर्डाची आतली पितळी पट्टी सैल झालेली असते, तिथे विजेला अडथळा होतो. समजा तो अडथळा ओहमच्या दहाव्या हिश्शाएवढाच आहे. १५ अँपियर प्रवाहाचा वर्ग केला आणि त्याला गुणले की साडेबावीस वॉट उष्णता होते. रेडिओ दुरुस्त करणारा सोल्डरिंगची सळई वापरतो ना, ती पंचवीस वॉटची असते. म्हणजे भिंतीतल्या काडेपेटीएवढ्या जागेत कोणीतरी सोल्डरिंगची सळई रात्रभर चालू ठेवून दिली आहे! स्कूटरचे तसे नाही. तिचा चार्जर चार-पाच अँपियर घेतो, म्हणून उष्णता पुष्कळ कमी. पण ज्या घरात स्कूटर आली त्या घरात उद्या मालाची रिक्षा येते, परवा मोटार येते, आणि बोर्ड तोच राहतो.

तेव्हा पहिली गोष्ट, गाडीसाठी मीटरपासून स्वतंत्र लाईन ओढायची. दुसरे काहीही तिच्यावर लावायचे नाही. पंधरा-सोळा अँपियरच्या पॉईंटला तांब्याची निदान अडीच चौरस मिलिमीटरची तार, आणि अंतर लांब असेल तर चारची. अॅल्युमिनियमची नको, ती जोडावर सैल होते. मध्ये एकही गाठ मारायची नाही. सॉकेट चांगल्या प्रतीचे घ्या, जमले तर कारखान्यात असते तसे निळे झाकणवाले औद्योगिक सॉकेट घ्या. ते शे-दोनशे रुपयांनी महाग पडते, पण पिन त्यात घट्ट बसते आणि धूळ आत जात नाही. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नाही.

शोरूममधला माणूस तुम्हाला भिंतीवर बसवायचा मोठा चार्जर दाखवील. 7.4 किलोवॉट, ३२ अँपियर, दिवे लुकलुकतात, मोबाईलवर कळते. तो म्हणजे दहा हॉर्सपॉवर एका फेजवर! त्याला निदान सहा चौरस मिलिमीटरची तार लागते, मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो. माझे मत विचाराल तर आपल्याला त्याची गरज नाही. माझी गाडी एका युनिटमध्ये आठ किलोमीटरच्या आसपास जाते. ऐंशी किलोमीटर फिरून आलो की दहा युनिट खर्ची पडतात, चार्जिंगमधली गळती धरून अकरा-साडेअकरा. ते साध्या चार्जरवर साडेतीन तासांत भरून निघतात. रात्र दहा तासांची असते. मग दहा हॉर्सपॉवरचा बैल कशाला बांधायचा? ज्याची मालाची गाडी दिवसातून दोन फेऱ्या करते त्याने विचार करावा, बाकीच्यांनी ते पैसे तारेत आणि अर्थिंगमध्ये घालावेत.

आता अर्थिंग. इथे मला जरा वेळ द्या, कारण इथे मी माझ्या विद्येवर येतो. अकोल्याला कृषी विद्यापीठात आम्हाला मातीचा तास असायचा. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाईट नावाची चिकणमाती असते हे पाठ केले, पेपरात लिहिले, गुण घेतले. ही माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. म्हणूनच एप्रिल-मे महिन्यात आपल्या शेतात भेगा पडतात, बैलाचा पाय अडकेल एवढ्या. हे तुम्हाला मी सांगायला नको. पण अर्थिंगची सळईही त्याच मातीत पुरलेली असते, हे पदवी घेऊन वीस वर्षे झाली तरी माझ्या डोक्यात आले नव्हते!

पावसाळ्यात काळी माती ओली असते, सळईला घट्ट धरून असते, तिच्यात क्षार असतात. वीज जमिनीत उतरवायला हिच्यासारखी माती नाही. तीच माती मे महिन्यात सळईपासून बोटभर सरकते. सळई हवेत उभी राहते. अर्थिंगची वायर बोर्डापर्यंत आहे, हिरवा रंग आहे, सगळे दिसायला ठीक आहे आणि जमिनीशी नाते तुटलेले आहे. वायरमन घर बांधताना तपासतो तो बहुधा पावसाळ्यानंतर. तपासायचे तर मे महिन्यात तपासा. जो अर्थ मे महिन्यात टिकला तो बारा महिने टिकला. घरगुती अर्थिंगचा अडथळा पाच ओहमच्या आत असावा असे साधारणपणे धरतात; तो मोजायचे मीटर असते, बल्ब लावून अंदाज घेणे ही जुनी पद्धत झाली.

मग करायचे काय? दुकानात तीन फुटांची सळई मिळते, ती घेऊ नका. खोल काळी जमीन असेल तर अडीच-तीन मीटरचा गॅल्व्हनाईज्ड पाईप खाली ओलीपर्यंत जाऊ द्या. भोवती मीठ आणि कोळसा घालायची जुनी रीत आहे, ती चालते, पण मीठ पाईपच खाते, काही वर्षांनी पुन्हा करावे लागते. आता बेंटोनाईटची पूड मिळते. गंमत बघा, बेंटोनाईट म्हणजे मुख्यतः तेच मॉन्टमोरिलोनाईट. आपली काळी आई पोत्यात भरून आपल्यालाच विकत मिळते. ती ओल धरून ठेवते, पण तिलाही कोरडी पडू द्यायची नाही. खड्ड्याला झाकण ठेवा, पाणी ओतायला नळी ठेवा आणि फेब्रुवारीपासून आठ दिवसांनी एक बादली पाणी घाला. न्हाणीच्या सांडपाण्याजवळ खड्डा घेतला तर आयती ओल मिळते. बरड जमिनीत दोन फुटांवर मुरूम लागतो, तिथे खोल जाण्याचा हट्ट धरू नका. एकमेकांपासून लांब दोन खड्डे घ्या आणि ते पट्टीने जोडा. नळाच्या पाईपला अर्थिंग बांधायची सवय सोडा. तो पाईप कधीच प्लॅस्टिकचा झाला.

एक फार वाईट युक्ती गावोगाव चालू आहे, ती सांगतो. बहुतेक गाड्यांचे चार्जर अर्थिंग नसेल तर चालत नाहीत, लाल दिवा दाखवतात. मालक वैतागतो, वायरमनला बोलावतो. वायरमन बोर्ड उघडतो, अर्थिंगची पिन आतल्या आत न्यूट्रलला जोडतो. दिवा हिरवा झाला, गाडी चार्ज होऊ लागली, वायरमनने शंभर रुपये घेतले. पण गाडीने जो प्रश्न विचारला त्याचे उत्तर दिलेच नाही, गाडीचे डोळे बांधले. आता कधीतरी वाऱ्यावादळात न्यूट्रलची तार तुटते. आपल्याकडे ती तुटते, हे तुम्हाला माहीत आहे. त्या क्षणी गाडीच्या सगळ्या पत्र्यात २३० व्होल्ट येतात. सकाळी पोरगी ओल्या हाताने दप्तर ठेवायला गाडीचे दार उघडते. पुढचे मी सांगत नाही. ज्यांच्या घरी असे केले असेल त्यांनी आज घरी गेल्याबरोबर ते काढून टाका.

न्यूट्रल तुटल्यावर दुसरीही गोष्ट होते. एकेका घरात दाब तीनशे-साडेतीनशे व्होल्टपर्यंत चढतो आणि गावातले टीव्ही एका रात्रीत जातात. जादा दाब आला की लाईन तोडणारे उपकरण मिळते, ते या लाईनवर बसवा. एम.सी.बी. बसवा, आणि १५ अँपियरला १६ चीच बसवा. वारंवार पडते म्हणून ३२ ची बसवणे म्हणजे फ्यूजमध्ये तारेची जुडी घालणे. आणि आर.सी.सी.बी. बसवा, ३० मिलिअँपियरची. हे यंत्र गेलेली वीज आणि परतलेली वीज यांचा मेळ घालते. हिशेबात ३० मिलिअँपियरचा फरक पडला की समजते की वीज कोणाच्या तरी अंगातून जमिनीत जाते आहे, आणि क्षणात लाईन तोडते. महिन्यातून एकदा तिच्यावरचे बटण दाबून ती पडते का ते पाहा. वळवाचा पाऊस, विजा कडाडायला लागल्या की प्लग काढून ठेवा.

जागा कोणती? कापूस, कडबा, तुराट्या, डिझेल, फवारणीची औषधे, यांच्यापासून दूर. जमेल तेवढी भिंत मध्ये हवी. जिथून घराबाहेर पडायचा एकच रस्ता आहे तिथे गाडी लावू नका. २०२२ साली उन्हाळ्यात देशात विजेच्या स्कूटर पेटल्याच्या बातम्या लागोपाठ आल्या. त्यानंतर सरकारने बॅटरीच्या सुरक्षेचे निकष कडक केले आणि ते डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. त्याआधीची जुनी स्कूटर कोणी स्वस्तात देत असेल तर हे ध्यानात ठेवा. उन्हातून आलेली गाडी लगेच चार्जिंगला लावू नका, तासभर निवू द्या. बॅटरी काढून घरात नेता येते म्हणून ती खाटेखाली चार्ज करणारे मी पाहिले आहेत. आणि आग लागलीच तर आधी मेन स्विच, मग बाकी सगळे.

माझा या सगळ्याला खर्च आला साडेसहा हजार. वायर, सॉकेट, दोन्ही ब्रेकर, अर्थिंगचा खड्डा, मजुरी धरून. खड्डा आम्हीच खणला.

आता कचेरीची बाजू. घरी चार्जर बसवायला परवाना लागतो का? लागत नाही. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत घरी चार्जिंगला मुभा दिली आणि २०२२ मध्ये सांगितले की असलेल्याच वीजजोडणीवरून घरी गाडी चार्ज करता येते. घरच्या मीटरवर स्वतःचीच गाडी चार्ज केली तर दर घरगुतीच लागतो. पण टप्पे आहेत. शंभर युनिटपर्यंत एक दर, तीनशेपर्यंत त्याहून जास्त, त्याच्या पुढे आणखी जास्त. स्कूटर रोज तीस किलोमीटर चालली तर महिन्याला पंचवीस-तीस युनिट, त्याने फारसे बिघडत नाही. माझ्या मोटारीला महिना पावणेतीनशे युनिट लागतात, ते सगळे वरच्या टप्प्यांत पडतात. तरी पेट्रोलपेक्षा स्वस्तच, पण विकणाऱ्याने कागदावर मांडून दाखवले त्याहून महाग.

काही जणांच्या मनात दुसरा विचार आला असेल. शेतीपंपाला साडेसात हॉर्सपॉवरपर्यंत एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत बिल नाही. मग गाडी विहिरीवरच लावू. लावू नका. विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे ज्या कामासाठी जोडणी दिली ते सोडून दुसऱ्या कामाला वीज वापरणे हा अनधिकृत वापर. आकारणी दुप्पट दराने, आणि कधीपासून वापरली ते ठरवता आले नाही तर मागच्या बारा महिन्यांची. पन्नास रुपयांची वीज वाचवायला जाऊन कचेरीच्या हातात आपली मान द्यायची नाही.

खरा प्रश्न डीपीचा आहे. गावठाणावर ६३ के.व्ही.ए.ची डीपी असते, कुठे २५ ची. दहा घरांनी एकाच वेळी साडेतीन किलोवॉट घेतले की पस्तीस किलोवॉट झाले, ६३ च्या डीपीचा निम्म्याहून जास्त भार. डीपी जळाली तर सगळे गाव अंधारात, आणि पुन्हा वर्गणी काढा, ट्रॅक्टरने डीपी न्या-आणा. मंजूर भार वाढवायला आपण भितो, कारण स्थिर आकार वाढेल. पण कचेरीच्या कागदावर आपल्या घरात अर्धा-एक किलोवॉटच आहे. मग ती म्हणणारच की डीपी पुरेशी आहे, तुम्हीच चोरता. मी अर्ज दिला तेव्हा मला सांगितले, "गाडीसाठी वाढीव भाराची तरतूद नाही." लेखी द्या म्हटले, तर साहेब जेवायला गेले. तरतूद आहे. वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती झाली. ग्रामीण भागात नवी जोडणी देण्याची किंवा असलेली बदलण्याची मुदत तीस दिवसांवरून पंधरा दिवस झाली, डोंगराळ भागातली गावे सोडून. आणि ग्राहकाने मागितली तर गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळी जोडणीही द्यायची आहे. अर्जाची पोच घ्या, तारीख टाकून घ्या.

शेतातल्या वस्तीवर राहणाऱ्यांचे काय, असे मघाशी एका भाऊंनी विचारले. गावठाणाचा फीडर वेगळा झाला आणि वस्त्या शेतीच्या फीडरवर राहिल्या. तिथे वीज आठ तास, पाळीने. तिथे चार्जर बसवून उपयोग नाही, हे खरे तेच सांगतो. त्यांनी काढता येणाऱ्या बॅटरीची स्कूटर घ्यावी आणि गावातल्या नातेवाइकाच्या घरी नीट लाईन टाकून घ्यावी. सौर पंप असेल तर पंपाचा कंट्रोलर कोणता आहे ते पाहा. पीएम-कुसुमच्या सूचनांत कडबाकुट्टी, पिठाची गिरणी, बॅटरी चार्जिंग अशी कामे करणाऱ्या कंट्रोलरची सोय सांगितलेली आहे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या पंपाची पॅनेल वर्षातले कितीतरी महिने नुसती ऊन खात पडलेली असतात. मात्र साध्या कंट्रोलरला स्वतःच्या अकलेने वायरी जोडू नका.

गावात छपरावर सौर पॅनेल बसवायचे असेल तर पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजार अनुदान आहे. तीन किलोवॉटमधून चांगल्या उन्हाच्या दिवशी बारा युनिटच्या आसपास मिळतात, माझ्या मोटारीचा रोजचा खर्च जवळजवळ निघतो. एकच लक्षात ठेवा, लाईन गेली की हे पॅनेलही बंद पडते, भर उन्हातसुद्धा. खांबावर चढलेल्या लाईनमनला आपल्या पॅनेलचा झटका बसू नये म्हणून ते तसे केलेले आहे. हे न सांगता विकणारे पुष्कळ आहेत.

आता काम. ज्यांच्या घरी विजेची गाडी आहे किंवा दिवाळीपर्यंत येणार आहे, त्यांनी जेवणाआधी या टेबलाजवळ यावे. बिलावर ग्राहक क्रमांक आणि मंजूर भार छापलेला असतो, तो आणि तुमच्या डीपीचा नंबर लिहून द्या. एका डीपीवरचे सगळे अर्ज एकाच दिवशी द्यायचे, सोबत परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल जोडायचा. अर्थिंग मोजायचे मीटर आपण वर्गणीतून एक घेतले आहे. ते तालुक्याच्या कार्यकर्त्याकडे आठ-आठ दिवस राहील, वायरमन सोबत घेऊन या. आणि तो प्लग शेवटच्या रांगेत पोचला असेल तर पुढे पाठवा, उद्या दुसऱ्या तालुक्यात न्यायचा आहे.